रानातले मुक्काम: इस्राएलाच्या प्रवासातील हिब्रू नावे आणि मराठी

मोशेच्या पाच पुस्तकांपैकी चौथ्या पुस्तकाचे हिब्रू नाव ‘बमिदबार’ आहे. त्याचा अर्थ ‘रानात’. मराठी बायबलात हेच पुस्तक ‘गणना’ म्हणून ओळखले जाते, कारण ग्रीक भाषांतरकारांनी त्यातल्या शिरगणतीवरून त्याचे नाव ठेवले आणि पुढच्या बहुतेक भाषांनी ग्रीकांचा कित्ता गिरवला. हिब्रूत पुस्तकाचे नाव त्याच्या आरंभीच्या शब्दांतून उचलतात. त्यामुळे ज्याला मराठीत ‘निर्गम’ म्हणतात ते हिब्रूत ‘शमोथ’, म्हणजे ‘नावे’, आणि ज्याला ‘अनुवाद’ म्हणतात ते ‘दवारीम’, म्हणजे ‘वचने’. आजच्या वाचकाला ‘अनुवाद’ म्हटल्यावर भाषांतर आठवते. इथे त्याचा जुना अर्थ आहे, सांगितलेले पुन्हा सांगणे.

‘मिदबार’ या शब्दाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण चित्रांमुळे आणि चित्रपटांमुळे वाळूचे डोंगर डोळ्यांपुढे येतात. मिदबार म्हणजे वस्ती आणि शेती जिथे संपते तिथून पुढचा प्रदेश. पाऊस तुरळक, पण पावसाळ्यानंतर मेंढ्यांना चरायला काहीतरी उगवते. मिदबारातल्या हिरव्या कुरणांचे उल्लेख बायबलातच आहेत. मोशे सासऱ्याची मेंढरे मिदबारातच चारत होता. मराठी भाषांतरात ‘रान’ आणि ‘अरण्य’ असे दोन्ही शब्द आले. त्यातला ‘रान’ अधिक चपखल बसतो. गुरे रानात जातात, माणूस रानोमाळ भटकतो, पीक निघाले की शेतही रान होते. ‘अरण्य’ म्हटले की दंडकारण्य आणि दाट झाडी आठवते, आणि सीनाय द्वीपकल्पात झाडी शोधावी लागते.

मिसरमधून निघालेल्या इस्राएलाच्या या प्रवासाची सलग यादी ‘गणना’च्या ३३व्या अध्यायात आहे. रामसेस नगरापासून मवाबाच्या मैदानापर्यंत परंपरेने ४२ टप्पे मोजले जातात. यादीची भाषा विलक्षण कोरडी आहे: अमक्या ठिकाणाहून निघाले, तमक्या ठिकाणी तळ दिला. ‘निघाले’साठी जे हिब्रू क्रियापद आहे त्याचा मूळ अर्थ उपटणे असा आहे, तंबूच्या मेखा उपटल्या की प्रवास सुरू होतो. त्याच धातूपासून ‘मस्से’, म्हणजे मजला किंवा टप्पे, हे नाव आले आणि सभास्थानात वाचायच्या त्या भागालाही तेच नाव मिळाले. यादीतले वगळणे तर नोंदवण्याजोगे आहे. सीनाय पर्वतापाशी नियमशास्त्र मिळाले, ही साऱ्या कथेतली सर्वांत मोठी घटना. यादीत मात्र सीनाय हा एक मुक्काम एवढाच आहे, आज्ञांचा शब्दही नाही. एलीमला पाण्याचे बारा झरे आणि खजुराची सत्तर झाडे होती, हे मात्र यादी सांगते. रफीदीमला प्यायला पाणी नव्हते, हेही सांगते. तांड्याचा हिशेब ठेवणाऱ्याला जे लागते ते यादीत आहे.

पहिली काही नावे मिसरची आहेत. रामसेस म्हणजे नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व भागातले पी-रामसेस. आजच्या कंतीर गावाजवळ त्याचे अवशेष सापडले आहेत. सुक्कोथ या नावाचा हिब्रू अर्थ ‘मांडव, झोपड्या’ असा होतो, पण त्यामागे एक मिसरी स्थलनाम असावे असे अभ्यासक मानतात. मिग्दोल म्हणजे बुरूज. पी-हहीरोथचा अर्थ हिब्रूतून लावायचे जे प्रयत्न झाले ते सगळे ओढूनताणून केलेले वाटतात.

यानंतर समुद्र येतो. हिब्रूत तो ‘याम सूफ’ आहे. ‘सूफ’ म्हणजे पाणथळ जागी उगवणारे लव्हाळे. तान्ह्या मोशेची पेटी नदीकाठच्या ज्या लव्हाळ्यांत ठेवली होती त्यांनाही हाच शब्द आहे. ग्रीक भाषांतरकारांनी त्याला ‘तांबडा समुद्र’ केले आणि मराठीतही तोच रुळला. हे केवळ भाषांतराचे प्रकरण नाही. लव्हाळे गोड्या किंवा मचूळ पाण्यात वाढते, त्यामुळे अनेक अभ्यासकांनी हा समुद्र सुएझच्या आखाताऐवजी त्याच्या उत्तरेकडच्या सरोवरांमध्ये शोधला. तरी गाठ पूर्ण सुटत नाही, कारण बायबलात इतरत्र अकाबाच्या आखातालाही ‘याम सूफ’ म्हटले आहे.

समुद्र ओलांडल्यावर तीन दिवस पाणी मिळाले नाही, आणि मिळाले ते कडू. त्या जागेचे नाव मारा, म्हणजे कडू. पेसाहच्या, म्हणजे वल्हांडणाच्या, रात्री ताटात ठेवल्या जाणाऱ्या ‘मारोर’ या कडू भाजीचे नाव याच धातूचे आहे, आणि रूथच्या कथेत नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी स्वतःला माराच म्हणवते. पाण्यावरून पडलेली नावे पुढेही येत राहतात. मिथका म्हणजे गोडी. याटबाथा ओढ्यांचा प्रदेश होता असे ‘अनुवाद’ सांगते. बने-याकान या मुक्कामाचे दुसरीकडे आलेले पूर्ण नाव ‘बएरोथ-बने-याकान’, म्हणजे याकानच्या लोकांच्या विहिरी. एका मुक्कामाचे नाव तर नुसते ‘बएर’, म्हणजे विहीर. होरेब हे सीनायचे दुसरे नाव. त्याचा धातू सुकण्याचा, ओसाड होण्याचा आहे.

पाण्यावरून भांडणे झाली तेव्हा भांडणाचीच नावे पडली. रफीदीमला लोकांनी मोशेशी वाद घातला आणि देवाची परीक्षा पाहिली, म्हणून त्या जागेला मस्सा आणि मरीबा अशी दोन नावे मिळाली: परीक्षा आणि तंटा. पुढे कादेशला मोशेची बहीण मिर्याम वारली, पाणी पुन्हा आटले, मोशेने खडकावर दोनदा काठी मारली, आणि तिथलेही पाणी ‘मरीबाचे पाणी’ ठरले. एकाच नावाच्या दोन कथा आहेत, की एका कथेची दोन रूपे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण मोशेला वचनदत्त देशात पाऊल टाकता आले नाही ते याच दुसऱ्या मरीबाच्या पाण्यामुळे, असे ग्रंथ म्हणतो.

मांसाच्या हव्यासाची कथा आणखी तपशीलवार आहे. रोज मिळणाऱ्या मान्ना या अन्नाला कंटाळलेल्या लोकांना मिसरमधली मासळी, काकड्या, खरबुजे, भाजीचा कांदा, कांदे आणि लसूण आठवू लागले. ‘गणना’च्या ११व्या अध्यायातली ही यादी वाचताना प्राचीन धर्मग्रंथापेक्षा परगावी नोकरीला गेलेल्या माणसाच्या तोंडची तक्रार ऐकल्यासारखे वाटते. मग लावे पक्षी आले, लोकांनी भरमसाट खाल्ले, रोगाची साथ आली आणि मेलेल्यांना तिथेच पुरले. ती जागा किब्रोथ-हत्तव्वा, म्हणजे हव्यासाच्या कबरी. त्याआधी जिथे आग लागली ते तबएरा, म्हणजे जळीत; मात्र ३३व्या अध्यायाच्या यादीत ते नाही. देश पाहायला पाठवलेले हेर ज्या ओढ्यातून द्राक्षांचा घड तोडून दोघांच्या खांद्यावरच्या दांड्याला लटकवून घेऊन आले तो एष्कोल, म्हणजे घड. होर्मा म्हणजे समूळ नाश.

‘मान्ना’ या शब्दाची व्युत्पत्ती ग्रंथातच दिली आहे. सकाळी दव सुकल्यावर जमिनीवर बारीक काही पसरलेले दिसले, लोक एकमेकांना ‘मान हू?’, म्हणजे ‘हे काय?’, असे विचारू लागले, आणि तेच नाव पडले. हे लोकव्युत्पत्तीचे चांगले उदाहरण आहे. नेहमीच्या हिब्रूत ‘काय’ला ‘मा’ म्हणतात. मान्नाचे वर्णन मात्र नेमके आहे: धण्यासारखा दाणा, रंग पांढरा, चव मध घातलेल्या पापडीसारखी, आणि माणशी रोजचे माप एक ओमर, म्हणजे एफाचा दहावा हिस्सा. सीनायमध्ये झाऊच्या झुडपांवर जगणारे बारीक कीटक गोड द्रव सोडतात, त्याचे थेंब सुकून जमिनीवर पडतात आणि बेदुइन लोक ते गोळा करतात. १९२७ मध्ये कीटकशास्त्रज्ञ बोडेनहायमर यांनी त्याचा तिथे जाऊन अभ्यास केला. त्याने शब्दामागची वस्तू कळते. हजारो लोकांची चाळीस वर्षांची भूक त्यावर भागली असेल, असे त्यातून सिद्ध होत नाही.

यादीचा मधला भाग सर्वांत अंधारा आहे. रिथमा, रिम्मोन-पेरेस, लिब्ना, रिस्सा, कहेलाथा, शेफेर पर्वत, हरादा, मकहेलोथ, तहथ, तारह: यांपैकी बहुतेक मुक्काम बायबलात पुन्हा भेटत नाहीत. काहींचे अर्थ सरळ आहेत. रिम्मोन म्हणजे डाळिंब, लिब्ना म्हणजे पांढरी, हरादा म्हणजे थरकाप, तर कहेलाथा आणि मकहेलोथ ही दोन्ही नावे ‘मेळा’ या अर्थाच्या धातूपासून आली. रिथमा हे ‘रोथेम’ या पांढऱ्या फुलांच्या वाळवंटी झुडपावरून आलेले नाव. होरेबच्या वाटेवर थकलेला एलिया संदेष्टा याच जातीच्या झुडपाखाली मरण मागत बसला होता. प्रवासाचा शेवटचा तळ आबेल-शिट्टीमपर्यंत पसरला होता. ‘शिट्टीम’ म्हणजे बाभळी, आणि निवासमंडपाच्या फळ्या, खांब नि कराराचा कोश याच लाकडाचे होते. देवाच्या मंडपाला बाभळीचे लाकूड का, हा प्रश्न बाभूळ ज्याच्या ओळखीची आहे त्या मराठी शेतकऱ्याला पडणार नाही: त्या रानात दुसरे कणखर लाकूड मिळतेच कुठे?

ही नावे देवनागरीत आली तेव्हा काही भेद टिकले, काही गेले. समुद्राजवळचे ‘सीन’ आणि कादेशचे ‘त्सीन’ ही दोन वेगळी राने आहेत. हिब्रूत त्यांची पहिली अक्षरे वेगळी आहेत आणि मराठीला ‘त्स’ लिहिता येत असल्याने हा फरक दाखवता येतो. रोमन लिपीत तो पुष्कळदा नुसत्या एका अक्षरावर तगून असतो. उलट हिब्रूतले दोन वेगवेगळे ‘ह’ मराठीत एक होतात. मोशेचा भाऊ अहरोन जिथे वारला तो ‘होर’ पर्वत आणि ‘होर-हगिदगाद’ हा मुक्काम मराठीत सारखेच दिसतात, पण पहिल्यात मऊ ‘ह’ आहे, दुसऱ्यात घशातून येणारा. पहिल्याचे पूर्ण हिब्रू नाव ‘होर हाहार’, म्हणजे जवळजवळ ‘डोंगर तो डोंगरच’. दुसऱ्यातले ‘होर’ म्हणजे बीळ किंवा गुहा. सुक्कोथ, हसेरोथ, ओबोथ यांतला ‘थ’ जुन्या उच्चारपरंपरेचा आहे. आजच्या इस्राएलात तिथे ‘त’ ऐकू येतो.

नकाशावर यांतले थोडेच मुक्काम खात्रीने लावता येतात. पुनोन म्हणजे जॉर्डनमधले फेनान. तिथे तांब्याच्या खाणी होत्या, आणि ‘गणना’तली तांब्याच्या सापाची कथा त्याच टापूत घडते. हिब्रूत साप ‘नाहाश’ आणि तांबे ‘नहोशेथ’, त्यामुळे कथेत श्लेषही साधला आहे. एसयोन-गेबेर अकाबाच्या आखाताच्या टोकाशी होते. कादेश-बर्निया बहुतेक अभ्यासक ईशान्य सीनायमधल्या ऐन अल-कुदेरात या झऱ्याशी लावतात. आधी, १८४२ मध्ये, जॉन रोलँड्स यांनी नावाच्या साम्यावरून जवळच्याच ऐन कदेसवर बोट ठेवले होते. नुसत्या नावावर भिस्त ठेवण्यातला धोका इथे दिसतो. ‘कादेश’ म्हणजे पवित्र, आणि पवित्र जागा अनेक असतात; सीरियात ओरोंटेस नदीवर एक कादेश आहे, गालीलात नफतालीच्या वाट्याला आलेले केदेश आहे. आपल्याकडेही भिवंडीला लागून एक टेमघर आहे आणि पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात मुठेवरच्या धरणाचेही टेमघर आहे. हजारो वर्षांनी कोणाच्या हाती फक्त नाव उरले, तर शहाडला उल्हास नदीतून उचललेले पाणी जिथे शुद्ध होते ते टेमघर यांतले कोणते, हे त्याला वर्णनावरूनच ठरवावे लागेल. कुदेरातला उत्खननात जो किल्ला सापडला तो राजांच्या काळातला, म्हणजे प्रवासाच्या कथित काळाच्या बराच नंतरचा आहे. एवढ्या मोठ्या तांड्याच्या तळांचा थेट पुरावा सीनायमध्ये मिळालेला नाही. खुद्द ग्रंथातही सगळे जुळत नाही: अहरोन ‘गणना’प्रमाणे होर पर्वतावर वारला, तर ‘अनुवाद’च्या १०व्या अध्यायाप्रमाणे मोसेरा येथे.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. गावाचे नाव सहसा तिथे राहणारी माणसे टिकवतात. या मुक्कामांवर नंतर कोणी राहिले नाही, तरी नावे टिकली, कारण ती दरवर्षी सभास्थानात मोठ्याने वाचली गेली. म्हणून ही यादी नकाशा म्हणून वाचण्यापेक्षा पाठांतराचा ऐवज म्हणून वाचली तर अधिक काही देते.

हा ऐवज मराठीत दोन वाटांनी आला. एक वाट मिशनऱ्यांची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. ते मुख्यतः कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजासाठी होते. हेच विल्सन १८४३ मध्ये मायदेशी जाताना मिसर, सीनाय आणि पेत्रामार्गे पॅलेस्टाइनला गेले. धनजीभाई नौरोजी हे पारशी कुटुंबातून ख्रिस्ती झालेले तरुण त्यांच्याबरोबर होते. त्या प्रवासाचा विल्सन यांचा दोन खंडांचा ग्रंथ १८४७ मध्ये निघाला. मराठी विद्यार्थ्यांना हिब्रू शिकवणाऱ्या माणसाने ते रान स्वतः पालथे घातले होते, याची मराठीत फारशी आठवण ठेवली गेलेली नाही. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला.

दुसरी वाट बेने इस्राएलांची स्वतःची. परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेले सात पुरुष आणि सात स्त्रिया. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हिब्रूचे बरेचसे ज्ञान विसरले गेले होते, ‘शमा’ची प्रार्थना तेवढी तोंडी उरली होती. १९व्या शतकात तो ऐवज भराभर भरून आला. पेसाहच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतरासह निघाली, १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या प्रतीतल्या चित्रांत साडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताना दिसतात. या ग्रंथातल्या एका गाण्यात रानातली चाळीस वर्षे, मान्ना, शब्बाथ आणि सीनाय यांची नावे ओळीने येतात. बाकीचे मुक्काम त्यात नाहीत. त्यामुळे मराठी यहुदी घरांत मान्ना आणि सीनाय बायाबापड्यांच्याही तोंडी बसले आणि रिस्सा, हरादा सभास्थानातच राहिले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, आणि १८८०च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर प्रभृतींनी मोशे, योसेफ यांच्या कथा चक्क कीर्तनातून, साकी-दिंडीच्या चालींवर, उभ्या केल्या. पंढरीच्या वाटेवरची नावे कीर्तनातून ऐकणाऱ्या मुलखात हे कोणाला परके वाटले नाही.

प्रार्थनास्थळांनाही हिब्रू नावे मिळाली. पेण आणि पनवेलला ‘बेथेल’, ठाण्याला १८७९ पासूनचे ‘शआर हश्शामाईम’, म्हणजे स्वर्गाचे दार, पुण्याच्या रास्ता पेठेत १९२१चे ‘सुक्कथ शेलोमो’, ज्यात रानातल्या मांडवाचा ‘सुक्का’ आहे. मुंबईतले सर्वांत जुने, १७९६चे, सॅम्युएल दिवेकरांनी बांधले. आसपासचे लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत आणि रेल्वेचे मशीद स्थानक त्यावरूनच ओळखले जाऊ लागले. अलिबागजवळ खंडाळे गावातल्या खडकावर तर ‘एलियाहू हन्नाबी’च्या, म्हणजे त्याच एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा दाखवतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर नि सुका मेवा यांचा मलिदा आणि भोवती फळे मांडून त्याच्या नावाने प्रार्थना होते. घटनेवरून जागेला ओळख मिळण्याची जी रीत मारा आणि मरीबा या नावांत दिसते, तीच इथे कोकणच्या कातळावर चाललेली आहे.

आडनावांची रीत मात्र अस्सल मराठी: नवगावकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, राजपूरकर, दिवेकर, झिराडकर. प्रत्येकामागे रायगडातले एक गाव उभे आहे. १९४८ नंतर यांतली बरीच कुटुंबे इस्राएलात गेली आणि अनेकांना घरे मिळाली ती दक्षिणेच्या नेगेव्हमधल्या नव्या वसाहतींत, दिमोना आणि बेरशेबा इथे. म्हणजे त्सीन रानाच्या सीमेवर, कादेशच्या बाजूला. बेरशेबातला ‘बेर’ त्या मुक्कामांच्या नावांतल्या विहिरींचाच. आसपासच्या नकाशावर जुनी नावे नव्याने लावलेली आहेत: त्सीनचा ओढा, पारानचा ओढा, आणि आरावा खोऱ्यात याटबाथावरून नाव घेतलेले योतवाता किब्बुत्स, जिथले दूध आणि चॉकलेटचे दूध देशभर विकले जाते. त्या शहरांत पेणकर आणि रोहेकर भेटतात, आणि तिथल्या मराठी यहुद्यांचे ‘मायबोली’ हे नियतकालिक मराठीतून निघत आले आहे.